माझ्या घराबद्दल कुणीतरी फोन केला होता

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकांच्या पत्रांमध्ये एका गृहस्थांचं पत्र होतं. मुलांसाठीच्या १०९८ या मदतीच्या नंबरवर फोन करणारी माणसं लोकांच्या घरात नाक खुपसतात, एकदा का सरकारी माणसं उंबऱ्याच्या आत आली की लेकरू उचलून नेतात, त्यापेक्षा घरचं घरातच मिटवावं, असा त्यांचा सूर होता. त्यांचा हेतू वाईट नसावा. कुटुंब मोडू नये असंच त्यांना वाटतं, मलाही तेच वाटतं. पण माझ्या घराबद्दल असा फोन झाला होता, आणि आज माझी दोन्ही नातवंडं माझ्याजवळ आहेत ती त्या फोनमुळे आहेत. म्हणून हे पत्र लिहिते आहे. थोडं लांबेल, सांभाळून घ्यावं.

मी ६१ वर्षांची आहे. २००८ पासून १४ वर्षं गावात आशा म्हणून काम केलं. गरोदर बायांची नोंद, लसीकरणाच्या दिवशी घरोघरी निरोप, बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाऊन बाळाचं वजन करायचं, ताप बघायचा, नाळ बघायची. कुठल्या घरात कोण आजारी आहे हे मला अख्ख्या गावाचं पाठ होतं. गुडघे गेले तेव्हा काम सोडलं. आशाला पेन्शन नसते.

त्याच वर्षी माझी लेक गेली. आजारपण लांबलं होतं, पैसा संपला होता. तिच्यामागे मुलगी १० वर्षांची, मुलगा ४ वर्षांचा. जावई आधीच दारूच्या नादी लागलेला. चार महिने तो मुलांजवळ राहिला आणि एक दिवस कामाला जातो म्हणून गेला तो परत आला नाही. फोन बंद. मी दोघांना माझ्याकडे घेऊन आले.

दिवसा काम मिळेना. शहरात एका अंथरुणाला खिळलेल्या बाईंजवळ रात्रीची सोबत करायचं काम मिळालं. संध्याकाळच्या गाडीने जायचं, सकाळच्या गाडीने यायचं. घरी पोचेपर्यंत साडेनऊ वाजायचे. रात्री मुलं एकटी. मी गेल्यावर नात आतून कडी घालायची आणि दाराला लोखंडी पेटी टेकवून ठेवायची, हे मला सकाळी पेटी सरकल्याच्या आवाजावरून कळायचं. भावाला एकटं टाकून जाता येत नाही म्हणून तिची शाळा आठवड्यातून तीन-तीन दिवस बुडत होती. मला हे दिसत नव्हतं असं नाही. पण रात्री आठवड्याचा हिशेब डोक्यात घोळत असताना माणूस म्हणतं, एवढा महिना जाऊ दे.

२०२३ च्या पावसाळ्यात एका सकाळी मी गाडीतून उतरून आले तर दारात एक तरुण मुलगी आणि एक मुलगा उभे. गळ्यात ओळखपत्र. म्हणाले, आम्ही चाइल्ड हेल्पलाइनकडून आलोय, या घरात दोन लहान मुलं रात्री एकटी असतात असा फोन आला आहे.

संपादक महोदय, त्या क्षणी मला जे वाटलं ते मी लपवणार नाही. मला शेजाऱ्यांचा राग आला, शाळेतल्या बाईंचा राग आला, सगळ्या गावाचा राग आला. १४ वर्षं मी यांच्या लेकरांचं वजन केलं आणि यांनी माझी तक्रार केली! कुणी केला फोन ते सांगा, म्हणून मी दोनदा विचारलं. ती मुलगी शांतपणे म्हणाली, “आजी, ते आम्ही सांगत नाही. पण हा फोन तुमच्याविरुद्ध नाही, मुलांसाठी आहे.” मला तेव्हा ते वाक्य पटलं नव्हतं.

तिच्यासोबतचा मुलगा तोवर जमिनीवर बसून माझ्या नातवाशी खेळायला लागला होता. नातू कपाटाच्या आडून त्याच्याकडे बघत होता, दहा मिनिटांनी त्याच्या मांडीला टेकून बसला. त्या दोघांनी घरात काय आहे काय नाही याची झडती घेतली नाही, आवाज चढवला नाही. विचारलं एवढंच, की मुलं कुठे झोपतात, शाळा कुठली, आजारी पडली तर कोण बघतं, वडिलांचा पत्ता आहे का, आणि मग, “तुम्ही शेवटचं पूर्ण रात्र कधी झोपलात?” हा प्रश्न मला माझ्या नातेवाइकांपैकी एकानेही विचारला नव्हता.

इथे थोडं थांबून १०९८ बद्दल सांगते, कारण आशाच्या कामात इतकी वर्षं घालवूनही मला ते नीट माहीत नव्हतं. हा नंबर १९९६ साली मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने सुरू झाला, तो रस्त्यावरच्या मुलांसाठी. चोवीस तास चालू, फोनला पैसे लागत नाहीत, मूल स्वतःही लावू शकतं. २०२३ पासून तो सरकारच्या महिला व बाल विकास विभागाकडे आला आणि ११२ या आपत्कालीन नंबराला जोडला गेला. जीव धोक्यात असेल तर ११२ लावावा, पोलीस लगेच पोचतात. बाकी काळजीचं कारण असेल तर १०९८. फोन करणाऱ्याकडे पुरावा असावा लागत नाही. शंका आली, एवढंच पुरतं. खरं-खोटं बघणं हे पुढच्या माणसांचं काम आहे.

त्यांनी मला बाल कल्याण समितीसमोर यायला सांगितलं, म्हणजे अडचणीतल्या मुलांनी कुठे, कुणाकडे राहायचं हे ठरवणाऱ्या समितीसमोर. समिती म्हटल्यावर माझ्या पोटात गोळा आला. माझा एक दूरचा भाऊ म्हणाला, “जाऊ नकोस, तिथे गेलीस की पोरं बालगृहात गेलीच म्हणून समज.” त्याच दिवसांत त्याने दुसरी एक गोष्ट सुचवली होती, तीही सांगते, कारण असं अनेक घरांत होतं. त्याच्या ओळखीचं एक जोडपं होतं, मूलबाळ नव्हतं, माणसं चांगली. “लहान्याला त्यांना देऊन टाक, स्टॅम्प पेपरवर लिहून घेऊ, पोराचं भलं होईल आणि तुझा भार हलका होईल.” मी दोन रात्री त्याचा विचार केला. आज अंगावर काटा येतो. आजीला नातू असा देऊन टाकायचा अधिकारच नाही, आणि नोटरीपुढे सही करून कुणाचंच मूल दत्तक जात नाही. कायद्याची रीत सोडून मूल दिलं-घेतलं तर तो गुन्हा आहे, शिक्षा आहे. आणि खरोखरच ज्या आईबापांना मूल सांभाळणं अशक्य आहे त्यांच्यासाठी कायद्याने वाट ठेवली आहे. ते बाल कल्याण समितीपुढे जाऊन मूल सोपवू शकतात, समिती आधी त्यांच्याशी बोलते, आणि सही झाल्यावरही मन बदलायला त्यांना दोन महिने मिळतात. दोन महिने! कायदा करणाऱ्याने आईच्या जिवाचा किती विचार केला आहे बघा.

तर मी समितीपुढे गेले. कोर्टासारखं काहीतरी असेल, पिंजरा असेल, उंचावर बसलेले लोक असतील अशी माझी कल्पना. तसं काही नव्हतं. एक साधी खोली, टेबल, खुर्च्या, कोपऱ्यात एका पेटीत खेळणी. समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, त्यांत किमान एक स्त्री असावीच लागते. त्यांना प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या खंडपीठासारखे अधिकार आहेत, पण मुलं घाबरतील अशी मांडणी करायची नाही असा नियमच आहे. हे सगळं ज्यात लिहिलं आहे तो बाल न्याय कायदा २०१५ चा आहे, तो जानेवारी २०१६ पासून लागू झाला. सापडलेलं किंवा सोडवलेलं मूल प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत समितीसमोर आणावं लागतं, आणि महिन्यातून किमान २० दिवस समितीने बसलंच पाहिजे. हे सगळं मला त्या मुलीने बाहेरच्या बाकावर बसून समजावलं होतं, मी माझ्या जुन्या रजिस्टरच्या मागच्या पानावर लिहून घेतलं.

नातीला आधी एकटीला आत नेलं. मला बाहेर बसवलं. ती पंधरा-वीस मिनिटं माझ्या आयुष्यातली सगळ्यात लांब. नंतर मला बोलावलं तेव्हा त्यांतल्या एक वयस्कर बाई म्हणाल्या, “तुमची नात म्हणते, आजी रात्री नसते तेव्हा मी दिवा चालू ठेवते, म्हणजे बाहेरच्यांना वाटेल मोठं माणूस जागं आहे.” मला हे माहीत नव्हतं. विजेचं बिल वाढलं म्हणून मी तिच्यावर एकदा ओरडले होते. तेव्हा ती गप्प राहिली होती.

मी तिथे रडले. कुणी मला थांबवलं नाही, कुणी दटावलंही नाही. मग त्या बाईंनी जे सांगितलं ते त्या गृहस्थांनी वाचावं म्हणून मी जसंच्या तसं लिहिते: “आजी, संस्था हा आमच्याकडे शेवटचा पर्याय असतो. मूल घरात कसं राहील हे आम्ही आधी बघतो. घर चालत नसेल तर घराला हात द्यायचा, मूल हलवायचं नाही.” हे त्यांचं मन मोठं म्हणून नाही, कायद्याच्या तिसऱ्या कलमातच हे तत्त्व लिहिलेलं आहे.

त्यानंतर जिल्हा बाल संरक्षण कक्षाचे अधिकारी घरी आले, गृहभेट झाली, शाळेत जाऊन बोलले, सामाजिक तपासणी अहवाल लिहिला. आणि समितीने आदेश दिला की दोन्ही मुलं आजीकडेच राहतील, दोघांना बालसंगोपन योजनेचा लाभ द्यावा.

ही योजना महाराष्ट्र सरकारची आहे. आता तिला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव दिलं आहे. ज्या मुलांचे आईबाप नाहीत, किंवा एकच पालक आहे, किंवा पालक गंभीर आजारी आहेत, तुरुंगात आहेत, सोडून गेले आहेत, अशी मुलं संस्थेत न जाता नातेवाइकांकडे किंवा एका पालकाकडे वाढावीत म्हणून दर मुलामागे महिन्याला २,२५० रुपये मिळतात, १८ वर्षं पूर्ण होईपर्यंत. पूर्वी ते ११०० होते. केंद्राच्या मिशन वात्सल्य या मुलांसाठीच्या योजनेत प्रायोजकत्व नावाची आणखी एक मदत आहे, तिथे महिन्याला ४,००० रुपये आहेत, पण त्याला उत्पन्नाची अट आहे: गावात वर्षाला ७२,००० आणि इतरत्र ९६,००० च्या आत. कुणाला कुठलं लागू पडतं हे जिल्ह्याच्या महिला व बाल विकास कार्यालयात सांगतात.

दोन मुलांचे मिळून ४,५०० रुपये. वाचणाऱ्याला ही रक्कम लहान वाटेल. माझ्यासाठी तो रात्रीच्या कामाचा आणि दिवसाच्या कामाचा फरक होता. रात्रीचं काम सोडून मी जवळच एका घरी दिवसा चार तासांचं काम धरलं, पगार निम्मा, पण रात्री मी घरात. पेटी दारापासून हलली आणि पुन्हा भिंतीला लागली.

आता त्रासाचंही सांगितलं पाहिजे, नाहीतर पत्र खोटं होईल. आदेश झाला पण पैसे यायला दहा महिने लागले. त्या काळात घर कसं चाललं ते माझं मला माहीत. आणि त्याआधी कागद. लेकीचा मृत्यूचा दाखला, मुलांचे जन्माचे दाखले, शाळेचं बोनाफाइड, आधार, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, बँकेचं पासबुक, आणि मुलांसोबत घरासमोर उभं राहून काढलेला फोटो. त्या फोटोत नातवाने डोळे मिटले होते, दुसरा काढावा लागला. एका कार्यालयात एका कर्मचाऱ्याने मला सांगितलं की मुलांचे वडील हयात आहेत, त्यांचं संमतिपत्र आणा. अहो, तो माणूस कुठे आहे हेच मला ठाऊक असतं तर मी इथे कशाला आले असते? या एका कागदापायी माझ्या सात फेऱ्या झाल्या, सात दिवसांची मजुरी बुडाली. शेवटी हेल्पलाइनच्या त्या मुलीने समितीच्या आदेशाची प्रत पुढे केली तेव्हा अर्ज सरकला. मी त्या कार्यालयाचं नाव घेत नाही, कारण एका टेबलावरच्या माणसामुळे बाकीच्यांचं चांगलं काम झाकलं जाऊ नये. पण जी बाई लिहू-वाचू शकत नाही, जिच्याबरोबर कुणी नाही, ती तिसऱ्या फेरीलाच परत फिरेल. आणि मग तिचं लेकरू खरोखरच बालगृहात जाईल किंवा स्टॅम्प पेपरवर जाईल. हे सरकारला महागात पडत नाही का?

असं अडलं तर आणखी एक दार आहे, ते मला उशिरा कळलं. प्रत्येक जिल्ह्यात कोर्टाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असतं. १९८७ च्या कायद्याप्रमाणे बायकांना आणि मुलांना तिथे मोफत वकील मिळतो, त्यांचं उत्पन्न कितीही असलं तरी. अर्ज लिहून देण्यापासून मदत करतात.

आता एक जुनी गोष्ट. ही मी आजवर कुणाला सांगितली नव्हती.

२०१२ च्या हिवाळ्यात मी एका बाळंतिणीकडे चौदाव्या दिवसाच्या भेटीला गेले होते. झोळीच्या काट्यावर बाळाचं वजन केलं, वाढत होतं. तिचा मोठा मुलगा, चार वर्षांचा असेल, दाराच्या चौकटीला धरून उभा होता. त्याच्या डाव्या दंडावर तीन गोल डाग होते. एकाच्या मापाचे, एका रांगेत. एक ओला होता. मी त्याच्या आईकडे बघितलं. तिने पदर सारखा केला आणि खाली बघितलं. आत बाप झोपलेला होता. मी रजिस्टरमध्ये बाळाचं वजन लिहिलं, तारीख घातली, सही केली आणि पुढच्या घरी गेले.

तेव्हा मला १०९८ ठाऊक नव्हता हे खरं. पण आरोग्य केंद्रात डॉक्टर होते, अंगणवाडीच्या ताई होत्या, पोलीस पाटील होते. मी एकालाही बोलले नाही. घरचं घरातच मिटेल असं मला वाटलं, अगदी त्या गृहस्थांना वाटतं तसंच. ते कुटुंब पुढच्या वर्षी कामासाठी दुसरीकडे गेलं. त्या मुलाचं काय झालं मला माहीत नाही. तो आता अठराच्या आसपास असेल. माझ्या दारात हेल्पलाइनची माणसं उभी राहिली तेव्हा मला राग आला, पण रात्री मला तो दंड आठवला. त्याच्या दारात कुणी उभं राहिलं नव्हतं.

म्हणून माझी पहिली विनंती माझ्याच मागच्या बायांना आहे: आशा, अंगणवाडी सेविका, आरोग्य सेविका, शाळेतल्या बाई. आपण घरात जातो, लेकराला उचलतो, अंगावरचे कपडे बदलताना बघतो. आपल्याला दिसतं तेवढं कुणालाच दिसत नाही. डाग एकसारखे असतील, दुखण्याची गोष्ट दर वेळी वेगळी सांगितली जात असेल, मूल एखाद्या माणसाजवळ जायला नको म्हणत असेल, बोलकं मूल एकाएकी मुकं झालं असेल, तर रजिस्टर बंद करून पुढच्या घरी जाऊ नका. लैंगिक छळाची शंका असेल तर तो आपल्या मर्जीचा प्रश्नही उरत नाही. पॉक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे, आणि माहीत असून न कळवणाऱ्यालाच त्यात शिक्षा आहे. चांगल्या हेतूने कळवलं आणि ते चुकीचं निघालं तर कळवणाऱ्यावर काही होत नाही, हेही त्याच कायद्यात आहे. मुलाचा जबाब शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता, मुलाच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल त्या जागी घ्यायचा असतो. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. प्रत्येक पोलीस ठाण्यात एक बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो, त्याचं नाव विचारायला घाबरू नका.

बालविवाहाचं तर आपल्याला आधी कळतं. मुलीची शाळा सुटली, घरी पाहुण्यांची वर्दळ वाढली, की गल्लीत चर्चा सुरू होते. मुलीला १८ आणि मुलाला २१ पूर्ण नसतील तर ते लग्न थांबवण्याची जबाबदारी गावात ग्रामसेवकांवर आहे. लग्नाच्या दिवशी मांडवात पोलीस आणण्यापेक्षा महिनाभर आधी १०९८ ला सांगितलं तर मुलीच्या आईबापांशी बोलायला वेळ मिळतो, आणि पुष्कळदा खर्चाच्या भीतीपायी ठरवलेलं लग्न थोड्या मदतीने थांबतं.

दुसरी विनंती गावोगावच्या सरपंचांना. प्रत्येक गावात ग्राम बाल संरक्षण समिती असायला हवी. सरपंच तिचे अध्यक्ष, अंगणवाडी सेविका सचिव. शहरात प्रभागाची समिती. आमच्याकडे तिचा फलक आहे, रंग उडालेला, त्यावर आधीच्या सरपंचांचं नाव. बैठक शेवटची कधी झाली हे मी तिघांना विचारलं, तिघांनी तीन उत्तरं दिली. कुणाचा दोष काढायचा म्हणून हे लिहीत नाही. ही समिती खरोखर बसली असती तर माझ्या घराबद्दल कुणाला जिल्ह्याला फोन करावाच लागला नसता. कुणीतरी म्हटलं असतं, अमक्या आजी रात्री कामाला जातात, पोरं एकटी असतात, काय करायचं? आणि गावातच एखादी म्हातारी रात्री सोबतीला निजायला गेली असती. कोणतं मूल शाळेत महिनाभर दिसलं नाही, कुणाचे आईबाप कामासाठी बाहेरगावी गेलेत आणि मुलं कुणाकडे आहेत, कुणाच्या घरी आई गेली, ही यादी तीन महिन्यांतून एकदा वाचायला अर्धा तास लागतो. ग्रामसभेत एकाने उठून विचारलं तरी फलकावरची नावं जागी होतील.

घरात मारहाण आणि दारू असेल तर मुलाला वाचवायचं म्हणजे त्याच्या आईलाही हात द्यायचा. तिच्यासाठी १८१ हा मदतीचा नंबर आहे, जिल्ह्याला सखी केंद्र आहे, तिथे राहण्याची तात्पुरती सोय, समुपदेशन आणि वकील एका छताखाली मिळतात. माझ्या लेकीला हे कुणी सांगितलं नाही. मीही नाही. मनावर ताण असेल, झोप उडाली असेल तर १४४१६ या टेली-मानसच्या नंबरवर आपल्या भाषेत बोलता येतं. मी स्वतः तिथे दोनदा बोलले आहे आणि ते सांगायला मला लाज वाटत नाही.

तिसरी विनंती आपल्याला, संपादक महोदय. अशा बातम्यांत मुलाच्या डोळ्यांवर काळी पट्टी मारलेली असते, पण खाली गावाचं नाव, शाळेचं नाव, वडिलांचा धंदा छापलेला असतो. अख्खं गाव ओळखतं. कायद्याने मुलाची ओळख पटेल असं काहीच छापता येत नाही, नाव-पत्ता तर नाहीच, शाळाही नाही. पुढे त्या मुलाला त्याच वर्गात बसायचं असतं. आणि बातमीत “तक्रार केली” हा शब्द शक्य तिथे टाळावा. “कळवलं” म्हणावं, “मदत मागितली” म्हणावं. माझ्या मनात तो एक शब्द दहा महिने काट्यासारखा होता. समितीच्या त्या बाई दुसऱ्या गृहभेटीच्या वेळी म्हणाल्या होत्या, “फोन करणाऱ्याने तुमच्याबद्दल काय सांगितलं ते सांगते, नाव सांगणार नाही. तो माणूस म्हणाला, आजी चांगली आहे पण तिला एकटीला झेपत नाहीये.”

नात आता आठवीत आहे. या वर्षी तिचा एकही दिवस भावापायी बुडालेला नाही. नातू पहिलीत गेला, रात्री माझ्या कुशीत झोपतो आणि झोपेत लाथा मारतो. जावयाचा पत्ता अजून नाही. आला तर मुलांनी त्याला भेटावं की नाही हे समितीपुढेच ठरेल, तसं आम्हाला सांगितलं आहे, आणि मला ते बरं वाटतं. सगळं माझ्या एकटीच्या डोक्यावर नाही.

माझं, मुलांचं आणि गावाचं नाव कृपया छापू नये. माझं अक्षर बिघडलं आहे म्हणून हे पत्र नातीने स्वच्छ उतरवून दिलं आहे. आधी मी तिला संपूर्ण वाचून दाखवलं. दिव्याचं राहू दे म्हणाली. तिच्या आईबद्दलची एक ओळ काढ म्हणाली, ती काढली आहे.

आपली,
एक आजी
(नाव व पत्ता संपादकांकडे)